मॉडेलमध्ये ग्रिड शांत झालं, प्रत्यक्षात कोसळलं

१० ऑगस्ट १९९६ ला दुपारी पावणेचारच्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिम भागातलं ग्रिड कोसळलं, साधारण ७५ लाख ग्राहकांची वीज गेली. कडक ऊन होतं, लाइन्स भरून वाहत होत्या, त्यात ओरेगॉनची ५०० केव्हीची कीलर-ऑल्स्टन लाइन लोंबून झाडाला टेकली नि ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. मग आणखी लाइन्स गेल्या, मॅकनेरी धरणावरचे १३ जनरेटर एकामागून एक ग्रिडपासून सुटले, आणि उत्तरेकडचे जनरेटर विरुद्ध दक्षिणेकडचे असं सगळं डोलायला लागलं, म्हणजे त्यांचा वेग आणि लाइन्समधली वीज वरखाली व्हायला लागली, एकेक हेलकावा साधारण ४ सेकंदांचा आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. शेवटी ग्रिडचे ४ तुकडे झाले.

मला यातलं नंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं. इंजिनिअर्सनी हीच घटना ग्रिडच्या तेव्हाच्या कॉम्प्युटर मॉडेलवर पुन्हा चालवून बघितली, तर कॉम्प्युटरवर हेलकावे छान विरून गेले! म्हणजे ज्या मॉडेलवर भरवसा ठेवून सगळं ठरवलं जायचं तेच खऱ्या ग्रिडसारखं वागत नव्हतं.

आता हे डोलणं येतं कुठून? प्रत्येक जनरेटरला एव्हीआर म्हणजे व्होल्टेज आपोआप सांभाळणारा रेग्युलेटर असतो, व्होल्टेज पडलं की तो लगेच फील्डचा, म्हणजे जनरेटरमधल्या विद्युतचुंबकाचा, करंट वाढवतो. व्होल्टेजसाठी हे एकदम बरोबर. पण लाइन लांब आणि लोड जास्त असेल तर हाच चपळ एव्हीआर हेलकाव्यांचं डॅम्पिंग, म्हणजे ते विरून जाणं, खाऊन टाकतो. झोक्याला चुकीच्या वेळी धक्का दिला की तो थांबायच्या ऐवजी वर जातो, तसंच. म्हणून सोबत पीएसएस म्हणजे पॉवर सिस्टिम स्टॅबिलायझर लावतात, तो रोटरचा म्हणजे जनरेटरच्या फिरणाऱ्या भागाचा स्पीड वगैरे बघून धक्का योग्य वेळी पडेल असं करतो. पण योग्य वेळ काढायची कशावरून, तर पुन्हा मॉडेलवरूनच.

रोबस्ट कंट्रोल इथे उपयोगी पडतं. यात मॉडेल थोडंफार चुकणारच हे पहिल्यापासून धरून चालतात. लोड इतका ते तितका, एखादी लाइन बंद, मशीनचे आकडे थोडे इकडेतिकडे, ही सगळी रेंज आधी मांडायची आणि मग त्यातल्या वाईटातल्या वाईट केसमध्येही डॅम्पिंग टिकवेल असा एकच कंट्रोलर शोधायचा. कंट्रोल थिअरीतल्या जॉर्ज झेम्सने १९८१ मध्ये एच-इन्फिनिटी पद्धतीचा पाया घातला, त्यात कुठल्याही फ्रिक्वेन्सीला गडबड जास्तीत जास्त किती फुगू शकते तो आकडा शक्य तितका खाली आणतात. याची किंमत असते, रोजच्या साध्या परिस्थितीत असा कंट्रोलर थोडा मवाळ वाटतो. माझ्या मते ती द्यावी.

आपल्याकडे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइनने दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं गेलं. ग्रिड जितकं पसरतं तितके त्याचे हेलकावे संथ होतात, त्यामुळे आधी नीट चालणारं पीएसएसचं सेटिंगही पुन्हा तपासावं लागतं. त्यात दुपारी सोलर जोरात, सूर्य मावळला की ते शून्य आणि संध्याकाळच्या पीकला कोयनेची मशीन्स चालू, म्हणजे एकाच दिवसात मॉडेल बदलतं, आणि सेटिंग मात्र तेच राहतं.