'उलुलारे': लांडग्याच्या ओरडण्याचे लॅटिन क्रियापद

कुत्रा भुंकतो तेव्हा लॅटिनमध्ये 'लात्रारे' हे क्रियापद येते. तोच कुत्रा रात्री मान वर करून रडू लागला की येते 'उलुलारे', आणि लांडग्यासाठीही हेच. हा फरक आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कुत्रं रडायला लागलं की आपल्याकडेही लगेच हाकलतात. रोमनांनाही हा आवाज अशुभच वाटे. इ.स.पू. 44 मध्ये सीझरची हत्या झाली, त्या सुमाराचे अपशकुन सांगताना रोमन कवी व्हर्जिलने 'जॉर्जिक्स' या शेतीवरच्या काव्यात लांडग्यांच्या ओरडण्याने रात्रभर दुमदुमणारी नगरे वर्णिली आहेत. तिथले 'उलुलान्तिबुस' हे याच धातूचे अनेकवचनी कृदंत.

रूपे अगदी सरळ, पहिल्या गणाची: उलुलो, उलुलावी, उलुलातुम. 'उलुलातुस' हे त्यावरून झालेले नाम, आणि ते मात्र जनावरांपुरते राहिले नाही. इ.स.पू. 54 मध्ये गॉलमधल्या एबुरोनी टोळीने रोमन सरदार सबिनसला ठार करून जी विजयाची आरोळी ठोकली, तिला खुद्द सीझरने 'उलुलातुस' म्हटले आहे. व्हर्जिलच्या 'एनीड' महाकाव्यात राणी डायडो मरते तेव्हा बायकांनी फोडलेला हंबरडाही तोच. माझ्या मते या शब्दाचे मर्म इथेच आहे: त्याने प्राणी नव्हे, आवाज पकडला. लांबवलेला, घशातून चढत जाणारा कोणताही स्वर त्यात बसतो.

उगम अर्थातच ध्वनीच्या नकलेत. 'उलुला' हे घुबडाचे नावही आवाजावरूनच पडले, असे रोमन विद्वान व्हारोने इ.स.पू. पहिल्या शतकात नोंदवले होते. संस्कृत 'उलूक' आठवल्याशिवाय राहत नाही. छांदोग्य उपनिषदात सूर्य जन्मताच 'उलूलवः' घोष उठतात, बंगालमध्ये लग्नात आजही बायका उलुध्वनी करतात आणि ग्रीकमध्ये 'ओलोलुझो' आहे. हे सगळे एकाच मुळाचे म्हणायचा मोह होतो, पण अनुकरणवाचक शब्द जागोजागी नव्याने घडू शकतात. त्यामुळे निव्वळ साम्यावरून नाते ठरवू नये.

पुढे दोन 'ल' जवळजवळ उच्चारणे जड गेले आणि पहिल्याचा 'र' झाला. त्यातून इटालियन 'उर्लारे' आणि फ्रेंच 'उर्ले' आले. स्पॅनिशमध्ये 'आउयार' झाले. इटालियनने तर नंतर लॅटिनमधून मूळ 'उलुलारे'ही पुन्हा उचलले. आता तिथे माणसे ओरडतात ती 'उर्लारे', आणि लांडग्यांच्या वाट्याला त्यांचे जुने क्रियापद परत आले आहे.