११०० डॉलरचा घोडा आणि नळीचं हाड

अमेरिकेत जॉन हेन्री नावाचा एक थरोब्रेड (रेसच्या जातीचा) घोडा होऊन गेला, १९७५ ला केंटकीत जन्मला अन् लिलावात फक्त ११०० डॉलरला गेला, कारण अंगानं लहान, पुढचे गुडघे मागं दबलेले, अन् खानदान असं की कोणी विचारणार नाही. वरून डोकं गरम, लोखंडी बादल्या उपसून पायाखाली चेपायचा! आपल्या शंकरपटातल्या, म्हणजे बैलजोडीच्या शर्यतीतल्या, जुन्या धुरकऱ्यानं (जोडी हाकणाऱ्यानं) असे गुडघे पाहून जोडीत घेतलाच नसता. पण भाऊ, हा घोडा ८३ रेस पळला, ३९ जिंकला, अन् १९८१ आणि १९८४ असा दोनदा हॉर्स ऑफ द इयर झाला, दुसऱ्यांदा तर ९ वर्षांचा असताना. १९८१ च्या आर्लिंग्टन मिलियन नावाच्या मोठ्या रेसमध्ये तो इतक्या थोडक्यात जिंकला की टीव्हीवाल्यांनी आधी दुसऱ्याच घोड्याचं नाव सांगून टाकलं.

तो इतका टिकला कसा? नशीब तर आहेच, पण खरा खेळ हाडाचा आहे.

फुल स्पीडमध्ये घोड्याच्या पुढच्या एका पायावर अंगाच्या वजनाच्या जवळपास अडीच पट भार येते, म्हणजे साडेचारशे किलोच्या जनावराचे हजार किलोच्या वर, अन् ते सगळं गुडघ्याखालच्या नळीवर. त्यानं हाडात बारीक बारीक चिरा पडतात, डोळ्याला दिसत नाहीत. मग शरीर रस्त्याच्या डागडुजीसारखं काम करते, आधी खराब झालेला भाग काही पेशी पोखरून काढतात आणि मागून दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. लोचा इथंच आहे, पोखरणं काही आठवड्यात होते पण भरायला महिने लागतात, अन् मधल्या काळात ते हाड आधीपेक्षाही कच्चं असते. दम मात्र लवकर वाढते, म्हणून जनावर तयार झालं असं आपल्याला वाटते. महिनाभर दावणीला बांधलेली जोडी एकदम पटात जोरात सोडणारे पोरं पाहिले की मला खरंच भीती वाटते. २०२३ ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतीला परवानगी देणारा कायदा कायम ठेवला, आता तळेगाव दशासरसारख्या पटाला मोठी गर्दी असते, तर हे समजून घ्या ना. रोज सकाळी नळीवरून हात फिरवा, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला किंवा सूज वाटली तर त्या दिवशी पळवूच नका.

दुसरी गोष्ट म्हणजे जॉन हेन्री खच्ची केलेला होता. चांगले नर घोडे तीन-चार वर्षांचे झाले की पैदाशीला जातात, पैसा तिथं जास्त, त्यामुळं ९ व्या वर्षी ते कसे पळले असते हे कोणाला कळतच नाही. याला तो रस्ताच नव्हता. सायकली आयात करणाऱ्या सॅम रुबिननं १९७८ ला तो २५,००० डॉलरला घेतला, नंतर ट्रेनर रॉन मॅकअॅनलीनं त्याला गाजरं-सफरचंदं चारून प्रेमानं सांभाळलं, अन् कमाई शेवटी ६५ लाख डॉलरच्या वर गेली.

शेवटी हाड नाही, नळीमागची शीर (रक्ताची नाही, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, टेंडन) दगा देऊन गेली. पळताना ती आतून ४५ डिग्रीपर्यंत तापते, रक्तपुरवठा कमी, म्हणून भरून आली तरी पहिल्यासारखी लवचिक राहत नाही. १९८५ ला त्याचं पळणं थांबलं, त्यानंतर २००७ पर्यंत म्हणजे ३२ वर्षांचा होईपर्यंत तो केंटकी हॉर्स पार्कमध्ये होता, अन् लोक त्याला पाहायला यायचे.