अमेरिकेत गरोदरपणात मेडिकेड चालू ठेवायचं तर

पात्रता शाबूत असूनही निव्वळ टपाल जुन्या पत्त्यावर गेल्यामुळे मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) बंद पडतं, असं बऱ्याचदा होतं. म्हणून घर बदललं की आधी राज्याच्या मेडिकेड कार्यालयाला पत्ता आणि फोन नंबर कळवा. दवाखान्यात नोंदवलेला नवा पत्ता तिथे आपोआप पोचेल, असं धरून चालू नका.

गरोदर असल्याचंही लगेच कळवा. उत्पन्नाची मर्यादा राज्यागणिक बदलते. केंद्राने ठरवलेली किमान मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १३३ टक्के आहे आणि बहुतेक राज्यांत ती याहून बरीच जास्त आहे. पात्रता तपासताना पोटातलं बाळही कुटुंबात मोजलं जातं, जुळी असतील तर दोन. त्यामुळे आधी अर्ज नाकारला गेलेली बाई आता पात्र ठरू शकते. एकदा गरोदर म्हणून मेडिकेड मिळालं की मधेच पगार वाढला तरी ते काढून घेतलं जात नाही. बाळंतपणानंतर किमान ६० दिवस ते चालतं. २०२२ पासून राज्यांना ही मुदत १२ महिने करता येते आणि जवळपास सगळ्यांनी ती केली आहे.

कागदपत्रं फार नाहीत: ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी नंबर, नागरिकत्वाचा किंवा इमिग्रेशनचा पुरावा, पगाराच्या स्लिपा. गरोदरपणासाठी सहसा तुमचा शब्द पुरतो, डॉक्टरांच्या दाखल्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका.

खरी मेख नूतनीकरणात आहे. कार्यालय आधी स्वतःकडच्या नोंदी तपासतं. तेवढ्यावर भागलं नाही तर माहिती भरलेला फॉर्म पाठवतं आणि उत्तराला किमान ३० दिवस देतं. सही करून परत पाठवा, प्रत जवळ ठेवा. मुदत हुकून मेडिकेड बंद झालंच, तर ९० दिवसांच्या आत तोच फॉर्म दिला की नव्या अर्जाशिवाय पुन्हा विचार होतो. हे फारच थोड्यांना माहीत असतं!

बंद करण्याची नोटीस चुकीची वाटली तर सुनावणी मागा. नोटिशीतली तारीख उलटण्याआधी मागितली, तर निकालापर्यंत मेडिकेड सहसा चालू राहतं. मात्र निकाल विरुद्ध गेला तर मधल्या काळाचा खर्च राज्य परत मागू शकतं.

बाळ झाल्यावर जन्म कळवायला विसरू नका. प्रसूतीच्या वेळी आईला मेडिकेड असेल तर बाळाला वेगळ्या अर्जाशिवाय पहिल्या वाढदिवसापर्यंत ते मिळतं, मधल्या काळात घरातलं उत्पन्न कितीही बदललं तरी.