अमदावादनी गुफा

अमदावादनी गुफा ही अहमदाबादमधली जमिनीखालची आर्ट गॅलरी, आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या चित्रांसाठी बांधलेली, काम झालं १९९०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत. गुजरातीतलं 'नी' म्हणजे आपलं 'ची'. आधी हिचं नाव 'हुसेन-दोशी नी गुफा' होतं आणि खरं सांगायचं तर तेच जास्त शोभतं, कारण यात आर्किटेक्टचं काम कुठे संपतं आणि चित्रकाराचं कुठे सुरू होतं ते दाखवताच येत नाही. जागा सेप्ट युनिव्हर्सिटीच्या आवारात, म्हणजे ज्या आर्किटेक्चर स्कूलची सुरुवात दोशींनीच १९६२ मध्ये केली तिथेच.

मराठी माणसाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे दोघेही जन्माने इकडचेच. हुसेन पंढरपूरचे, १९१५ चा जन्म, मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत वर आलेले. दोशी पुण्याचे, जन्म १९२७, घरचा धंदा फर्निचरचा, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टला शिकले, मग पॅरिसला नावाजलेले आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम केलं आणि त्यांच्याच इमारतींवर देखरेख करायला अहमदाबादला आले ते तिथलेच झाले. २०१८ मध्ये त्यांना आर्किटेक्चरमधला सगळ्यात मानाचा समजला जाणारा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि २०२३ च्या जानेवारीत ९५ व्या वर्षी ते गेले.

अहमदाबादचा उन्हाळा भाजून काढतो म्हणून गॅलरी जमिनीखाली हवी अशी कल्पना निघाली. वरून बघितलं तर बिल्डिंग दिसतच नाही, दिसतात ते एकमेकांना चिकटलेले पांढरे घुमट, काही मोठे काही छोटे, आणि त्यांच्यातून वर आलेली नळकांड्यांसारखी तोंडं. कासवाची पाठ आणि साबणाचे फुगे यांच्यावरून हा आकार सुचला असं सांगतात. देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत कासव असतं ते आठवा, तशीच पाठ, फक्त इथे तुम्ही तिच्या पोटात उतरता. घुमटांवर फुटक्या कपबशा आणि वाया गेलेल्या टाइल्सचे तुकडे बसवलेत, म्हणजे आपल्याकडे गच्चीवर करतात तेच चायना मोझॅक, पांढरं असल्यामुळे ऊन परतवतं. गिरनारच्या जैन मंदिरांच्या शिखरांवरही असं काम आहे. आणि या पांढऱ्यावरून एक काळा नाग वळसे घेत जातो, तोही मोझॅकचाच.

बांधकाम कसं झालं हे मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. भिंती आणि घुमट फेरोसिमेंटचे आहेत, जाडी फक्त एक इंच. फेरोसिमेंट म्हणजे बारीक सळया वाकवून सांगाडा करायचा, त्यावर जाळी ताणून बांधायची आणि सिमेंटचा मसाला दाबून लिंपायचा, वाळलं की अंड्याच्या कवचासारखं होतं, पातळ पण वाकडा आकार असल्यामुळेच मजबूत. कुठे कोपरा नाही, कुठे जोड नाही, सगळं एकातून दुसऱ्यात वाहत जातं त्यामुळे भारही एका जागी साठत नाही, आणि म्हणून नेहमीसारखा खोल पायाही घातला नाही, जाळी आणि मसाल्याची जमीनच सगळं धरून आहे. असल्या आकाराचं डिझाइन हाताने करणं अवघड म्हणून तेव्हा कॉम्प्युटरची मदत घेतली, आणि प्रत्यक्ष काम केलं ते आदिवासी मजुरांनी, साध्या हातातल्या अवजारांनी. यांना असल्या बांधकामाचं कसलंही ट्रेनिंग नव्हतं. मला दोशींचा खरा मोठेपणा इथे वाटतो. कागदावर अशक्य वाटणारं काहीतरी काढणारे पुष्कळ असतात, पण ते घर लिंपणाऱ्या हातांना जमेल असं काढणं ही वेगळीच ताकद आहे.

अर्धवट लपलेल्या जिन्याने खाली उतरलं की गोल दरवाजा, आणि आत झाडाच्या बुंध्यासारखे तिरके, एकसारखे नसलेले खांब. सरळ भिंत एकही नाही, घुमटच खाली येता येता जमीन होतो. अजिंठा-वेरूळ दोशींच्या मनात होतं, फरक एवढाच की तिथे डोंगर कोरून पोकळी काढली आणि इथे पोकळीभोवती कवच विणलं. हुसेननी मग फ्रेम वगैरे भानगड न ठेवता थेट भिंतीवरच रंगवलं, माणसं, प्राणी, त्यांचे ते प्रसिद्ध घोडे, दरवाजे रंगवले, एसीसुद्धा रंगवले, खांबांच्या मधे पत्र्यातून कापल्यासारख्या माणसांच्या धातूच्या आकृत्या उभ्या केल्या. होर्डिंग रंगवलेल्या माणसाला एवढी मोठी, वाकडी भिंत मिळाली की हात कसा सुटतो ते इथे दिसतं. दुसऱ्या कुणाचं प्रदर्शन आत लावणं कठीणच, खिळा ठोकायला सपाट जागाच नाही, म्हणून इतरांच्या चित्रांसाठी वर जमिनीवर वेगळी गॅलरी आहे, शेजारी कॅफे आहे.

उजेड येतो तो त्या वरच्या तोंडांमधून. जमिनीवर त्याचे गोल कवडसे पडतात आणि दिवसभर जागा बदलत राहतात, सकाळी घोड्याजवळ असलेला उजेड दुपारी खांबाशी गेलेला असू शकतो. आत गेलात तर फोटो काढायची घाई करू नका, एक कवडसा धरा आणि दहा मिनिटं एका जागी उभे राहा, तो सरकताना दिसतो.