वरची माती सुकली म्हणजे रान तहानलं?

इंदूरकडच्या आपल्या मराठी शेतकऱ्यांत एक समज पक्का रुजलाय: गव्हाच्या रानात वरची माती पांढरट पडली, बारीक भेगा दिसल्या, की मोटर चालू करायची. माळव्याच्या काळ्या मातीत हे खरं नाही. ऊन-वाऱ्यानं वरचा थर लवकर सुकतो. खाली ओल टिकून असते आणि वाढलेल्या गव्हाची मुळं तिथवर पोचलेली असतात.

म्हणून बांधावरून अंदाज नको. रानात मधोमध चार-पाच ठिकाणी वीतभर खोल उकरा, तिथली माती मुठीत घट्ट दाबा. गोळा झाला तर अंगठा आणि बोटात दाबून पुढे सरकवा. चिकट पट्टी लांबत गेली तर ओल भरपूर आहे, थांबा. गोळा जेमतेम होतो पण पट्टी लगेच तुटते? मग पाणी द्या. कोरडे ढेकळं निघाले तर उशीरच झाला म्हणायचा.

अपवाद एक, पेरणीनंतर 20-21 दिवसांनी द्यायचं पाणी. तेव्हा मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडाशी येणारी मुळं, वरच्याच थरात फुटत असतात, ते पाणी चुकवू नका. आणि दुपारी पानं मलूल दिसली म्हणून घाबरू नका, सकाळी बघा.