घशातील मज्जातंतुवेदनेवरील औषधे

घशातील मज्जातंतुवेदनेवरील औषधे : घशात जखम, सूज वा जंतुसंसर्ग नसताना केवळ नस बिथरल्यामुळे गिळताना होणारी वेदना शमवणारी औषधे. कार्बामाझेपीन, ऑक्सकार्बाझेपीन, गॅबापेंटिन, प्रीगाबालिन आणि अमिट्रिप्टिलीन ही त्यांतली नेहमीची नावे. पहिली चार अपस्माराच्या औषधांच्या घराण्यातली, पाचवे नैराश्यावरचे. त्यामुळे औषधाच्या दुकानात कोणी सहज ‘ही तर फिट्सची गोळी’ म्हणाले, की रुग्ण घाबरतो आणि पाकीट तसेच कपाटात पडून राहते. घशाच्या दुखण्यासाठी ही औषधे साधारणतः कमी मात्रेपासून सुरू करतात. त्यांचे काम एवढेच, की नसेतून मेंदूकडे जाणारे वेदनेचे चुकीचे संदेश दाबून टाकायचे.

घसा, टॉन्सिल आणि जिभेचा मागचा भाग यांची संवेदना मुख्यतः मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांपैकी नववीकडे (नवव्या कपालतंत्रिकेकडे), म्हणजे ग्लॉसोफॅरिंजियल नसेकडे असते. स्वरयंत्राच्या वरच्या भागाची संवेदना दहाव्या, व्हेगस नसेच्या शाखेतून जाते. नववी नस बिथरली की घोट घेताना, जांभई देताना, बोलताना, थंड पाणी पिताना एका बाजूला विजेसारखी कळ उठते. ती काही सेकंदांपासून दोनेक मिनिटांपर्यंत टिकते आणि थेट कानात शिरते. नागपूरच्या मेमधल्या ४५ अंशांच्या उन्हातून आलेल्या माणसाला फ्रीजमधल्या पाण्याची धास्ती वाटू लागते. तर्रीपोहे किंवा संत्र्याचा आंबट रसही कुणाकुणाला चालत नाही. दुखते म्हणून जेवण कमी, जेवण कमी म्हणून वजन कमी, असे चक्र सुरू होते. व्हेगस नस सोबत ओढली गेली, तर कळ येताना नाडी मंदावून रुग्णाला भोवळ येऊ शकते. चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतुवेदनेच्या मानाने हा विकार फार विरळा.

१९१० मध्ये अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ थिओडोर वायझेनबर्ग यांनी या वेदनेचे पहिले वर्णन केले, आणि ते वर्णन आजही सावध करणारे आहे. त्यांच्या रुग्णाला सहा वर्षे चेहऱ्याची मज्जातंतुवेदना समजून उपचार दिले गेले होते. प्रत्यक्षात मेंदूच्या तळाशी गाठ होती. विकाराला आजचे नाव १९२१ मध्ये ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ विल्फ्रेड हॅरिस यांनी दिले.

नागपुरात हा इशारा अधिकच लागू पडतो. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून दिला जाणारा खर्रा शहरात आणि पूर्व विदर्भात सर्वत्र चघळला जातो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली तरी खर्रा काही थांबला नाही. टॉन्सिलचा किंवा जिभेच्या मुळाचा कर्करोगही त्याच नवव्या नसेच्या वाटेने कानात दुखतो. म्हणजे ‘घास उतरत नाही आणि कानात कळ जाते’ ही तक्रार दोन्हीकडे सारखी ऐकू येते. फरक आहे, पण तो विचारल्याशिवाय कळत नाही. नसेची कळ येते-जाते, मधल्या वेळेत घसा अगदी ठीक असतो. गाठीचे दुखणे दिवसरात्र राहते, हळूहळू वाढते. आधी पोळी-भाकरी अडते, मग पातळ पदार्थही. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला, मानेत गाठ, थुंकीत रक्त किंवा घटणारे वजन, यांतले काहीही असेल तर आधी दुर्बिणीने घसा पाहिलाच पाहिजे. तपासणीविना नसेची गोळी सुरू केली, तर दुखणे तात्पुरते दबते आणि निदान पुढे ढकलले जाते. इथे त्याची किंमत फार मोठी असू शकते.

तपासणीची सोय शहरात आहे. १९४७ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सगळे नुसते ‘मेडिकल’ म्हणतात, इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे ‘मेयो’, मिहानमधील एम्स, आणि कर्करोगासाठी तुकडोजी चौक व जामठा येथील रुग्णालये. कान-नाक-घसा विभागात दुर्बीण, गरजेनुसार मेंदू व मानेचा एमआरआय, आणि कानाखालचे स्टायलॉइड हाड लांबले आहे का हे पाहण्यासाठी सीटी स्कॅन होतो. लांबलेले हाड घशात टोचल्यासारखे दुखवते. त्याला ईगल सिंड्रोम म्हणतात आणि त्यावर गोळ्यांपेक्षा शस्त्रक्रिया जास्त उपयोगी ठरू शकते. घशाच्या दुखऱ्या जागी बधिर करणारे लिग्नोकेन फवारून कळ तासभर थांबते का, हेही पाहता येते; थांबली तर नसेच्या दुखण्याचा संशय बळावतो. याउलट घडणारी गोष्टही नेहमीचीच: घसा दुखतो म्हणून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स. नस बिथरली असेल तर त्यांचा काडीचाही उपयोग नाही.

कार्बामाझेपीन हे यातले जुने औषध. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील गायगी या औषध कंपनीत वॉल्टर शिंडलर यांनी १९५३ मध्ये ते तयार केले आणि १९६२ पासून चेहऱ्याच्या मज्जातंतुवेदनेवर ते वापरात आले. नसेत सोडियम आत सोडणारी दारे ते रोखते, त्यामुळे वेदनेचा संदेश पुढे जात नाही. सहसा १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी सुरुवात होते; खरी मज्जातंतुवेदना असेल तर काही दिवसांतच फरक दिसतो. गुंगी, तोल जाणे, वृद्धांमध्ये रक्तातील सोडियम घटणे हे त्रास नेहमीचे. म्हणून रक्ताच्या आणि यकृताच्या चाचण्या अधूनमधून करतात. अंगावर पुरळ आले तर गोळी लगेच थांबवून डॉक्टर गाठायचे. एचएलए-बी*१५०२ हा जनुकप्रकार असणाऱ्यांत त्वचा सोलवटणारा जीवघेणा विकार होऊ शकतो, आणि आशियाई वंशाच्या लोकांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये तसा इशारा दिला होता. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही हे औषध कमी करते, आणि ही गोष्ट सांगायची राहून जाते.

गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन नसेतील कॅल्शियमच्या दारांवर काम करतात. झोप येते, पाय सुजतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा घटवावी लागते. घशाची संवेदना वाढल्यामुळे येणाऱ्या हट्टी खोकल्यावरही गॅबापेंटिन वापरतात. अमिट्रिप्टिलीन रात्री १० मिलिग्रॅमपासून देतात आणि परिणामासाठी काही आठवडे थांबावे लागते. तोंड कोरडे पडणे हा त्याचा दोष इथे अडचणीचाच, कारण कोरड्या तोंडाने घास आणखी अडतो. काचबिंदू, लघवी अडण्याचा त्रास किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष असल्यास ते टाळतात. पुरळासारखे तातडीचे कारण नसेल, तर यांपैकी कोणतेही औषध एकदम बंद करायचे नसते.

या औषधांकडून भलती अपेक्षाही नको. पक्षाघात किंवा पार्किन्सनमध्ये गिळता येत नाही ते स्नायूंच्या ताळमेळात बिघाड झाल्यामुळे. तिथे गिळण्याचे व्यायाम आणि अन्नाचा घट्टपणा बदलणे उपयोगी, आणि गुंगी आणणारी गोळी उलट ठसका वाढवते. खर्ऱ्याने तोंडात आलेले ताठ पट्टेही यांनी सैल होत नाहीत.

औषधे पुरी पडली नाहीत तर मानेत नसेजवळ बधिरतेचे इंजेक्शन, किंवा रक्तवाहिनी नसेवर दाब देत असेल तर ती बाजूला सारणारी मेंदूची शस्त्रक्रिया हे पर्याय राहतात.

ज्याला गिळायचाच त्रास त्याला गोळी कशी द्यायची, हा प्रश्न घरच्यांना पहिल्याच दिवशी पडतो. कार्बामाझेपीन सिरपच्या रूपात मिळते. मात्र त्याच्या हळूहळू विरघळणाऱ्या, ‘सीआर’ किंवा ‘एसआर’ लिहिलेल्या गोळ्या खलबत्त्यात कुटून किंवा नाकातल्या नळीतून देऊ नयेत. पूर्ण मात्रा एकदम रक्तात उतरते.