गाडीचं छत लोंबतंय? गोंदाला दोष देऊ नका

जुन्या गाडीच्या छताचं कापड मागच्या काचेजवळून लोंबायला लागलं की सगळीकडे एकच सल्ला मिळतो, गोंद सुटलाय, परत चिकटवून टाका. मग कोणी सिरिंजने आत गोंद सोडतं, कोणी स्टीम इस्त्री फिरवतं, कोणी टाचण्या मारतं, आणि थोड्या दिवसांत कापड परत डोक्यावर. हे बघून राहवत नाही म्हणून लिहितोय, कारण बहुतेक वेळा गोंद सुटलेलाच नसतो!

रूफ लायनिंगमध्ये काय असतं ते आधी बघू. पत्र्याच्या खाली साच्यात दाबून आकार दिलेला एक कडक बोर्ड, त्याच्या खालच्या बाजूला गोंद, गोंदाखाली साधारण 3 मिमी जाडीचा पॉलियुरेथेन फोम, आणि फोमला जोडलेलं पातळ विणीचं कापड. लोंबणारं कापड थोडं बाजूला करून आत बोट फिरवा, पिवळट-तपकिरी चिकट भुकटी हाताला लागेल. तोच तो फोम. गोंद वर बोर्डाला घट्ट धरून आहे, फोमचा एक पापुद्रा कापडालाही चिकटलेला आहे, मधल्या मध्ये फोम कुजलाय.

आता तो का कुजतो हा माझा सगळ्यात आवडता भाग. पॉलियुरेथेन म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्या, आणि या कामाला वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच फोममध्ये त्या साखळीत ठिकठिकाणी एस्टर बंध असतात. शाळेत आपण आम्ल आणि अल्कोहोल मिळून एस्टर आणि पाणी तयार होतं हे शिकलो, ती अभिक्रिया उलटीही चालते, म्हणजे पाण्याचा रेणू येऊन एस्टर बंध तोडतो आणि तिथे परत एक आम्ल गट आणि एक अल्कोहोल गट उरतो. याला जलविघटन म्हणतात. खरी गंमत पुढे आहे. जो आम्ल गट मोकळा झाला तोच शेजारचा बंध तुटायला उत्प्रेरक म्हणून मदत करतो, त्यातून अजून आम्ल, त्यातून अजून तुटणं, म्हणजे अभिक्रिया स्वतःचा वेग स्वतःच वाढवत नेते. म्हणून कित्येक वर्षं छत एकदम ठणठणीत दिसतं आणि मग एकाच मोसमात सगळं खाली येतं. साखळ्या आखूड झाल्या की फोमचा लवचिकपणा जातो, आधी चिकट होतो, मग भुगा. त्यात फोमच्या पेशींच्या भिंती अतिशय पातळ, सगळीकडून हवेला उघड्या, त्यामुळे बाष्प आतपर्यंत सहज पोचतं. एस्टरऐवजी ईथर बंध असलेला फोम पाण्याला चांगला टिकतो, पण त्याला ऑक्सिजन आणि उजेड खातात. कपाटात नुसते ठेवलेले बूट एक दिवस तळव्यातून तुकडे होऊन पडतात, तेही बरेचदा हेच जलविघटन.

तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो असा ढोबळ नियम आहे. एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याच्या उन्हात बंद उभ्या गाडीत पत्र्याखाली काय होत असेल विचार करा, आणि कोकणात तर ऊन आणि दमट हवा दोन्ही. काळं लायनिंग गाडीला अशुभ असं कोणी सांगितलं तर अजिबात मनावर घेऊ नका, रासायनिक बंधांना शुभ-अशुभ कळत नाही, फरक पडतो तो बाहेरच्या पत्र्याच्या रंगाने आणि गाडी सावलीत लावण्याने.

म्हणजे उपाय एकच, बोर्ड खाली उतरवून कुजलेला फोम पूर्ण काढायचा. नायलॉन ब्रशने घासायचं, तोंडाला मास्क लावून, आणि बोर्ड गुळगुळीत होईपर्यंत थांबायचं नाही, कारण भुकटीवर लावलेला कितीही भारी गोंद भुकटीलाच चिकटतो. पडदा एअरबॅग (दारांच्या वर छताच्या कडेत दडवलेली एअरबॅग) असलेल्या गाडीत हे घरी करू नका, माहीतगार माणसाकडेच द्या.

गोंद हवा तो उष्णता सहन करणारा काँटॅक्ट ॲढेसिव्ह, म्हणजे द्रावकात विरघळवलेलं रबर, सुतारकामाचा पांढरा पाण्याचा गोंद नाही. तो बोर्डाला आणि फोमला दोन्हीकडे पातळ लावायचा आणि बोटाला ओला लागेनासा होईपर्यंत वाट बघायची, द्रावक उडून गेल्यावर दोन्ही थरांतल्या रबराच्या साखळ्या दाबाखाली एकमेकांत शिरतात आणि पकड येते. घाई केली तर द्रावक फोममधून झिरपून कापडावर डाग पडतो. काम मोकळ्या हवेत करा, जवळ आग नको, वाफ पेट घेते. कापड मधून सुरू करून हाताने कडेकडे दाबत न्या, एकदा टेकलं की हलवता येत नाही.

नुसतं कापड स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, बोर्डाचे उंचसखल भाग फोमच झाकतो. आणि फोमवालं घेताना दुकानात अंगठ्याने दाबून बघा, चटकन वर आला नाही किंवा बोटाला पावडर लागली तर तो रोल गोडाऊनमध्येच म्हातारा झालाय, दुसरा मागा.